हाक आणि शिटी

भाजे,
रविवार, १३ मार्च १९३८

प्रिय इकबाल,

माझ्या गळ्यातली ती पितळी शिटी तुला आठवत असेल. रेल्वे कंपनीच्या कोठारातून फुकट मिळाली होती, एक सही केली की झालं. आज सकाळी ओसरीवर बसून तिची खरी किंमत मोजत होतो. रखमाजीच्या डाव्या पायाची तीन बोटं. दोन वर्षं मुकी झालेली बारा माणसं. यापुढची रक्कम लिहायला हात धजत नाही, ती पत्राच्या शेवटी लिहीन. तोवर तू विडी पेटव आणि हसिनावहिनींना आमचा दोघांचा नमस्कार सांग. अंबूबाई म्हणते, कान्ह्याच्या फाटकावर त्यांनी लावलेला शेवगा गाडीतून दिसतो. मला मात्र तो कधी दिसला नाही. तुझं फाटक जवळ आलं की मी खिडकीपासून आत सरकतो. तू हिरवं निशाण धरून उभा असतोस. का सरकतो, ते ओळखलं असशीलच तू.

आधी बातमी सांगतो. गेल्या आठवड्यात लोणावळ्याच्या शेडमध्ये नव्या साहेबांनी चौदा मुकादमांचा वर्ग भरवला. माणसांकडून काम कसं करून घ्यावं हे शिकवायचं, आणि शिकवणारा कोण, तर तुझा भिमाजी! मला खुर्ची, बाकीच्यांना बाकडी. साहेबांनी माझं प्रशस्तिपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं: माणसं सांभाळण्यात वाकबगार, ह्याच्या हातून एकही अपघात नाही. चौकट करून घरी देवांच्या तसबिरींशेजारी लावलं होतं ते, त्या दिवशी मुद्दाम पिशवीतून नेलं होतं. मीही मिशीवरून हात फिरवून म्हणालो, अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्या नावाला डाग नाही. मग तासभर बोललो. शिवी द्यायचीच असेल तर बाजूला घेऊन द्या, शाबासकी मात्र चारचौघांत द्या. भाकरीच्या वेळी गँगपासून लांब बसू नका. गडी गप्प झाला म्हणजे कबूल झाला असं समजू नका. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, रूळ उचलताना पुकाऱ्या जे काय पुकारेल ते पुकारू द्या, तुमच्या नावानं असलं तरी. शिमगा वर्षातून एकदा येतो, गँगचा रोज असतो. त्यात मन मोकळं झालं की माणूस पहारीला जोर लावतो.

सगळे हसले. पण शिरगावचा दत्तोबा म्हणून एक नवा मुकादम आहे, बारीक डोळ्यांचा, तो म्हणाला, “मुकादम, ही रीत तुमाला कुनी शिकिवली?” मी म्हणालो, अनुभवानं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मळवलीला उतरून घरी चालत येईपर्यंत तो शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचत होता.

कारण मला शिकवलं ते तू. मी भाज्याचा अडाणी पोरगा, पहार धरता येत होती एवढंच. तू चौथी शिकलेला. इंद्रायणीच्या पुलाजवळ जेवणाच्या सुट्टीत खडीच्या चपट्या दगडांवर कोळशानं अक्षरं काढायचास आणि मी ती गिरवायचो. ‘भ’ काही केल्या जमेना, तेव्हा म्हणालास, “भिमाभाऊ, तुज्या नावाचंच आक्षर तुला वळख दीना, मंग साहेब कुटनं दील?” त्या अक्षरांवर मी हुकूम वाचायला लागलो आणि हुकूम वाचता येतो म्हणून मुकादम झालो. तुला येत होतंच की. पण साहेबांनी विचारलं तेव्हा तू माझं नाव पुढं केलंस, म्हणालास, मला पुकारण्यातच मजा येते.

आणि काय पुकारायचास! बारा जणांनी चिमटे लावून रूळ धरला की तू टोकाला उभा राहून एकेकाचा दम बघायचास, मगच आवाज सोडायचास. नथूची बायको माहेरी गेली, हैस्सा! भाकरी करपली, कालवण खारट, हैस्सा! उचल म्हणजे उचल, ठेव म्हणजे ठेव, बारा माणसांचा एक हात. माझे कान पहिल्यापासून तिखट. घणाच्या आवाजावरून सैल खुंटी कुठली ते मी सांगायचो, आणि तुझ्या पुकारण्यावरून कोण आजारी, कोणाचं घरात भांडण, कोणती पहार वाकलीय, हेही मला कळायचं. कोणी तक्रार घेऊन येत नव्हतं, कारण तक्रार तू आधीच गाऊन टाकलेली असायची.

मुकादम झालो त्याच आठवड्यात तू पुकारलंस,

“भिमाजीच्या मिशीला, हैस्सा!
त्याल न्हाई, तूप न्हाई, हैस्सा!
पगडी आली डोईवं, हैस्सा!
चालायची सुद न्हाई, हैस्सा!”

गडी इतके हसले की रूळ पिसासारखा उचलला गेला. कालपर्यंत मीही त्यांच्यात उभा राहून असाच हसलो असतो. पण त्या दिवशी वरच्या रस्त्यावर साहेबांचा कारकून उभा होता, आणि मला वाटलं, गेली माझी इज्जत. दुसऱ्या दिवशी मी कोठारातून शिटी आणली. हुकूम काढला: पुकारणं बंद. एक शिटी, उचला. दोन शिट्या, टाका. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस आणि चिमटा धरून रांगेत जाऊन उभा राहिलास. महिनाभर गँग गप्प होती. मला वाटलं, शिस्त आली.

मग वैशाखातला तो दिवस. रूळ इतका तापलेला की चिमट्याची मूठसुद्धा भाजत होती. शेपटीकडे रखमाजी होता, सकाळपासून अंगात ताप. बाराही जणांना ठाऊक होतं, मला नव्हतं. पूर्वीची रीत असती तर तू पहिल्याच उचलीला ते पुकारलं असतंस आणि मी त्याला सावलीत बसवलं असतं. शिटी वाजली, रूळ उचलला, दहा पावलं गेला, आणि तू ओरडलास, “रखमाजी ढिला पडलाय, थांबा!” एकदा, दोनदा, तीनदा. मी दोन शिट्या फुंकल्या. निम्म्यांनी शिटी ऐकून टाकला, निम्म्यांनी तुझी हाक ऐकून धरून ठेवला. त्यात रखमाजीचा पाय सापडला.

चौकशीत मी स्वतःच्या हातानं जबानी लिहून दिली. इकबालनं हुकूम मोडून हाक मारली, त्यामुळे गडी गोंधळले. वारा होता, मला ती हाक ऐकू आली नाही. तू शिकवलेल्या अक्षरांनी मी हे लिहिलं, ‘भ’सुद्धा वळणदार आला होता. साहेबांनी तुला विचारलं. तू टोपी हातात धरून म्हणालास, “हाक मारली, हे खरं हाय, साहेब.” पुढं एक शब्द नाही. तू माझ्याकडे बघशील म्हणून मी दाराकडे बघत होतो. तुझ्या नावापुढे बेशिस्त असा शेरा पडला, तुझी गँग सुटली आणि तुला फाटकावर धाडलं.

त्यानंतर दोन वर्षं माझी गँग काम करायची, पण बोलायची नाही. मी गेलो की विड्या विझायच्या. अखेर एक दिवस मी शिटी खुंटीला टांगली आणि नथूला म्हणालो, पुकार बाबा, माझ्या नावानं पुकार. त्याला तुझ्यासारखं जमत नाही, पण माणसं पुन्हा हसायला लागली. मग वरच्या साहेबांनी माझं कौतुक केलं आणि ते प्रशस्तिपत्र मिळालं.

वर्गानंतर चौथ्या दिवशी मी परंदवडीला रखमाजीकडे गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. तो बांधावर बसून दोर वळत होता. मी पुष्कळ आडवळणं घेऊन मुद्द्यावर आलो. तो हसला आणि म्हणाला, “मुकादम, तवा तुमी लय शिटी फुकायचा. आमाला वाटायचं, ह्यो मानूस न्हाई, इंजान हाय. इंजानाला कोन सांगतंय ताप आलाय म्हून?” मग म्हणाला, “माजी तीन बोटं गेली. इकबालची तर सगळी गँग गेली. त्याच्याकडं गेलता का?”  त्याच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, ताक दिलं, ते कसंबसं प्यालो.

आता ती राहिलेली रक्कम: तुझी नऊ वर्षं. आणि हे पत्र कशासाठी, तेही सांगतो. खंडाळ्याकडच्या गँगला मुकादम हवा आहे. साहेबांनी मला नाव विचारलं, मी तुझं सांगितलं. त्यांनी वही काढली, शेरा वाचला आणि मान हलवली. काल मी पुन्हा लोणावळ्याला गेलो आणि नवी जबानी लिहून दिली. वारा नव्हता. तुझी हाक मी पहिल्या खेपेलाच ऐकली होती. गड्यांनी माझ्याऐवजी तुझं ऐकलं तर काय, या रागानं शिट्या फुंकल्या. माझी सहा महिने नोकरी राहिली आहे, ती राहते की जाते ते साहेब ठरवतील. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी, एकवीस तारखेला, ते आपल्या दोघांना समोरासमोर बोलावणार आहेत. तू मागच्यासारखं अर्धंच बोलशील अशी मला धास्ती आहे, म्हणून आधी लिहितो. या खेपेला माझी अब्रू राखू नकोस. तीनदा ओरडलो म्हणून सांग, रखमाजीचा ताप सांग, शिटी सांग. मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुझ्या मनात असेल तर असेल. खंडाळ्याची गँग मात्र तुझी आहे, ती घे.

प्रशस्तिपत्र चौकटीसकट साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. घरी त्याच्या मोकळ्या खिळ्याला अंबूबाईनं पिठाची चाळण अडकवली आहे.

तुझाच,
भिमाजी