ओल्या बर्फातली तुझी सायकल

ॲन आर्बर
१६ मार्च १९८६

प्रिय संघमित्रा,

गेल्या रविवारी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर मी गॅरेजमधून तुझी ती जाड टायरांची सायकल काढली, गाडीच्या मागे बांधली आणि गावाबाहेरच्या जंगलात गेलो. आई झोपली होती. तू कोलोरॅडोहून लिहिलं होतंस ना, की ओल्या बर्फात सायकल चालवताना डोक्यात दुसरं काही येत नाही, बाबा, एकदा करून बघा. मेडिकल सोडून तू तिथल्या सायकलींच्या दुकानात गेलीस त्याला सहा महिने झाले. तू परत यावंस की येऊ नयेस, हे माझं मलाच कळेना, म्हणून गेलो.

अंगात दोन स्वेटर, त्यावर कोट, मफलर, कानटोपी. पहिल्याच चढावर घामाने भिजलो आणि ओढ्याशी दम खायला थांबलो तर तोच घाम अंगावर गार झाला. दात वाजायला लागले. कमी कपडे घालून निघायचं असतं, हे तू सांगायचीस आणि आम्ही दोघं स्वेटर घेऊन तुझ्यामागे यायचो. पुढे बर्फ आणि मातीचा लगदा चाकावरच्या चिमट्यात असा बसला की ते फिरेना. मी नकळत काडी मोडली आणि तो उकरायला लागलो. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर हेच करायचो. सात मैल काळी माती, आणि काडीनेही भागेना की सायकल खांद्यावर. माझ्या मुलीला हे करावं लागणार नाही, असं मी तेव्हापासून धरून चाललो होतो. तू निघालीस त्या दिवशी तेच तुला ओरडून सांगितलं, आणि तू इंग्रजीत म्हणालीस की चिखल तुमचा होता, माझा नाही, मला तो आवडतो.

सांगायला लाज वाटते, रविवारी मलाही आवडला. दोनदा पडलो. एका उतारावर चाकं घसरत होती आणि दहा मिनिटं मनात खरंच काही नव्हतं. इतकी वर्षं ध्यानाला बसून मला ते जमलेलं नाही. ती शांती होती की नुसती थंडी, मला सांगता येत नाही. पण म्हणून एवढं शिक्षण सोडायचं का, तेही कळत नाही. आमच्या वस्तीत डॉक्टर यायचा तो लांबूनच औषधाची पुडी टाकून जायचा. माझी आई तापाने फणफणली होती तेव्हाही त्याने तिची नाडी पाहिली नाही. म्हणून मला घरात डॉक्टर हवा होता. या इच्छेत काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही.

घरी आलो तर तुझ्या आईने पाय कोमट पाण्यात ठेवायला लावले. पन्नाशी आली, आता लेकीने कापलेत तसे केसही बारीक करून घ्या, म्हणाली. किती वेळा पडलात विचारलं, दोनदा ऐकल्यावर म्हणाली, लेक तरी पडत नसेल.

आता खरं लिहायचं ते. मी कॅम्पसवरच काम करतो म्हणून जाताना तू कॉलेज सोडल्याचा सही केलेला फॉर्म माझ्याकडे दिला होतास. कॉलेजच्या ऑफिसात दिला, असं मी तुला फोनवर सांगितलं. मी तो दिलाच नव्हता. उलट ऑफिसला लिहून कळवलं की मुलगी आजारी आहे, वर्षभर जागा राखून ठेवा. त्यांनी ठेवली. तेव्हापासून रोज पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की माझा आवाज खाली जातो. आईला वाटतं, थंडीने घसा बसलाय.

परवा शुक्रवारी मी रजा काढून त्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंना म्हणालो, माझी मुलगी ठणठणीत आहे, मी खोटं लिहिलं होतं. त्यांनी तुझी फाईल काढून समोर ठेवली. मग म्हणाल्या, जागा एकदा दुसऱ्याला गेली की परत मिळणार नाही, तुमचं नक्की आहे का. माझं काहीच नक्की नव्हतं. बाहेरच्या फोनवरून तुला विचारावं असंही मनात आलं. पण फॉर्मवर सही तुझी होती. तुझं उत्तर सप्टेंबरातच देऊन झालं होतं, अडवून धरलं होतं ते मी. मी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला, आणि त्यांनी शिक्का मारेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

तुझाच,
बाबा