रिकामे फोल्डर

बडोदे, गुरुवार, सायंकाळ

ग्रंथालयाच्या विंडोज संगणकावरचे सामायिक फोल्डर लिनक्स सर्व्हरला जोडण्यात आज तीन तास गेले. संगणकाला दिलेली आज्ञा निर्दोष होती, तरी फोल्डर रिकामेच. शेवटी जवळच्या पादरा गावाहून येणारी, नुसत्या डिप्लोमाची माझी सहायक हेतल मागून म्हणाली, “सर, जोडायच्या आधीपासून तुम्ही त्याच फोल्डरमध्ये बसलाय, म्हणून जुनं रिकामंच दिसतंय. बहार नीकळीने पाछा आवो ने!”

बाहेर पडून परत आत शिरलो, तर साऱ्या फायली हजर.

माझ्या डॉक्टरेटला हे सुचू नये? आणि तिला हसता हसता सुचावे? ते रिकामे फोल्डर डोळ्यांपुढून हलत नाही. हेवा वाटतो, हे इथे तरी लिहावे.

फायली दिसल्या तेवढ्यातच ग्रंथालयाचे संचालक आले होते. “कोणी जमवलं?”

“जमलं, सर,” मी म्हणालो.

हेतल आपल्या टेबलाकडे वळली. सर्व्हरचा कार्यभार मला मिळाला.