महेशला अक्कलकोटला ठेवलं

१४ जून १९७६
पोरांची आई, सुमित्रा, जाऊन आज पस्तीस दिवस. कावीळ, अकरा दिवस दवाखाना, संपलं. भात खालून करपला, वर कच्चा. शैलाने मुकाट्याने खाल्ला. नऊ वर्षांची पोर. महेशने थुंकून टाकला, त्याला अजून दोन वर्षं पुरी व्हायचीत. मीठ कुठल्या डब्यात हेही शैलालाच विचारावं लागतं.

२८ जून
पहिली पाळी. तीनला मिलमधून आलो तर शैलाच्या बाई दारात. "शाळा सुरू झाल्यापासून शैला आली नाही. आजारी आहे का?"
मी निघतो तेव्हा रोज गणवेशात असते. महेशला शेजारी यल्लम्माकडे ठेवून शाळेत जाते, असं धरून चाललो होतो.
शैला म्हणाली, "यल्लम्मा मावशी मागावर विणायला बसतात, अप्पा. महेश रस्त्यावर पळतो. कोण बघनार?"
हात उचलला होता. कुणाला मारणार होतो?

४ जुलै
गंगाक्का आली, सुमित्राची थोरली बहीण. तिला मूलबाळ नाही. म्हणाली, "मल्लप्पा, तुमी पाळीला, ही शाळंत. लेकरू कुनाच्या जिवावर? दोन म्हयने अक्कलकोटला नेते की." मी हो म्हणालो. लगेच मनात आलं, जरा थांबायला हवं होतं.
महेशचे कपडे शैलानेच बांधून दिले. एसटी सुटेपर्यंत त्याला वाटत होतं आम्हीपण चढणार.

५ जुलै
शैला शाळेत जाऊन आली. दप्तर काढेना, तशीच बसून. "आता घरी येऊन मी काय करू?"
मलाही घर खायला उठतं.

१७ जुलै
सुमित्राचं लुगडं ट्रंकेतून काढलं, उन्हात घालायला. शैलाने हातातून घेतलं, परत ठेवलं. "ऊन लागलं की वास जातो."

८ ऑगस्ट, रविवार
शैला आणि मी अक्कलकोटला. महेश गुटगुटीत झालाय. गंगाक्काचा पदर धरून उभा, तिला अव्वा म्हणतो, आईला म्हणावं तसं. पाणी हवं तर कानडीत "नीरू". मला बघून म्हणाला, "काका."
गंगाक्का ओशाळली. "गल्लीतली पोरं सगळ्यांना काका म्हनतात, त्यांचं ऐकून..." मग चहा देताना खाली बघत, "महेशला आमाला दत्तक द्यायचं का, ते मनात घ्या. श्रावन संपायच्या आत सांगा."
परतीला शैला खिडकीकडे तोंड करून. घर आल्यावर एकच वाक्य. "तुमी त्याला देऊन टाकलं."
नाही म्हणालो.

२२ ऑगस्ट, रविवार
महेशला परत आणला. मिलमध्ये तीन दिवसांची रजा टाकलीय. गंगाक्का भांडली नाही, ते जास्त वाईट. त्याचा सदरा घालून दिला, बटणं लावली, आत गेली ती बाहेर आलीच नाही. अर्ध्या वाटेपर्यंत महेश किंचाळत होता. बायका माझ्याकडे बघत होत्या, पोर पळवल्यासारखं.

२४ ऑगस्ट
काही खात नाही. दूध शैलाने चमच्याने पाजलं, निम्मं सांडलं. मी जवळ घेतलं की ताठ होतो. दाराची चौकट धरून उभा, "अव्वा, अव्वा". यल्लम्मा येऊन गेली, म्हणाली, "चार दिवस रडेल, इसरेल."
आईला विसरलाच की. आता गंगाक्कालाही विसरायचं. एवढ्याशा जिवाने किती वेळा?

२५ ऑगस्ट
रजा आज संपली. दुपारी महेश रडून रडून उंबऱ्यावर झोपला. शैला त्याच्या पायाशी, न हलता बसलेली. मी तांदूळ निवडत होतो.
"अप्पा, त्याला नेऊन सोडू या का?"
हीच पोर पंधरा दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती.
"तुला चालेल?"
"मला नाही चालणार. पण तो जेवंल की."
बघू म्हणालो.
"बघू म्हणजे कधी?"
उद्या सातला पाळी, म्हणजे पुन्हा शैलाची शाळा बुडणार. महेश अजून उंबऱ्यावरच. उचलून आत घ्यावा तर जागा होईल.