आसनांचा बदला

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (आधी विनंती आणि मग विशेष, असा यातला रूढ क्रम आहे. या पत्रात मी दोन्हींची अदलाबदल केली आहे. विशेष आधी लिहितो, विनंती शेवटी.) तुझा गुडघा कसा आहे? भाओजी अजून जिन्यात उभे राहून फोनवर ओरडतात का? आणि बाबा? ते वर्तमानपत्राची घडीसुद्धा मोडत नाहीत, नुसतं मांडीवर घेऊन बसतात, असं तू लिहिलंस, ते वाचून मला दोन घास कमी गेले. (हिच्या मते एकच.) चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या मुद्रितशोधकाने एका चुकीपायी अक्षरांशी अबोला धरावा, हे मला बघवत नाही.

इकडे सगळं ठीक. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती निघते आहे आणि कार्यालयाच्या दोन खोल्यांत कागद इतके साठले आहेत की खिडकी उघडायची तर आधी 'एम' हे अख्खं अक्षर उचलून बाजूला ठेवावा लागतो. परवा संपादकबाईंनी 'स्वॅप' या इंग्रजी क्रियापदाची नोंद माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, "ही तुम्हीच करा. तुमच्या घराण्याचं आणि या शब्दाचं जुनं नातं आहे." सगळे हसले. मीही हसलो, न हसून सांगतो कुणाला!

ते प्रकरण तुला अर्धवटच ठाऊक असेल. मागच्या आवृत्तीत या शब्दापुढे 'बदलून घेणे' छापायचं होतं, ते छापलं गेलं 'बदला घेणे'. एरवी कोण बघतो! पण एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने आमचा कोश उघडून इंग्रजी सूचनेचं भाषांतर केलं आणि पाटी रंगवून दाराशी टांगली : 'प्रेक्षकांनी आसनांचा आपसांत बदला घेऊ नये.' पाटी तीन महिने होती. त्या काळात एकाही खुर्चीवर कुणी सूड उगवला नाही, म्हणजे तिचा उपयोग झाला असंच म्हणायला हवं. मग तिचा फोटो पेपरात आला, कार्यालयात कोणतं पान कुणी तपासलं याची नोंदवही उघडली गेली, आणि ते पान निघालं बाबांच्या नावावर. बाबांनी छापील पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाले, "डोळे गेले माझे." लाल पेन्सिल खणात ठेवली आणि महिन्याभरात तुझ्याकडे राहायला गेले.

तर ही नोंद. इंग्रजीत एवढासा शब्द, पण मराठीत त्याच्यामागे सगळं गणगोत उभं राहतं, आणि संपादकबाईंना प्रत्येकातला फरक हवा. देवाणघेवाण विचारांची होते, चपलांची नाही. चपलांची होते ती अदलाबदल. विनिमय कागदावरच बरा दिसतो, "तुमच्या कुंडीचा विनिमय करता का हो?" असं आजवर कुणी शेजारणीला विचारलेलं नाही. बदली साहेब करतो आणि आपण रडतो. साटंलोटं नेहमी दुसऱ्यांचं असतं. 'पालट'चं उदाहरण हिला विचारलं तर म्हणाली, "तुमच्यात कधी झाला तर सांगीन." (तेही टिपून घेतलं.)

त्यातच मंगळवारचा घोटाळा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाइंडरचा आणि माझा चष्मा एकाच काळ्या फ्रेमचा. जेवताना दोघांनीही ते टेबलावर काढून ठेवले, आणि उठताना मी त्याचा घातला, त्याने माझा. दुपारभर मला अक्षरं इतकी लख्ख दिसली की दोन पानांत अकरा चुका पकडल्या. तिकडे बाइंडरने एक पुस्तक उलटं शिवलं. संध्याकाळी उलगडा झाल्यावर मी म्हटलं, चला, अदलाबदलीचं उदाहरण मिळालं. तो म्हणाला, "छट्! अदलाबदल दोघांना ठाऊक असते. कुणालाच ठाऊक नसेल तर तो घोटाळा. आणि एकालाच ठाऊक असेल तर ती लबाडी." (हा माणूस पुस्तकं नुसती शिवत नाही, मधूनमधून वाचतोही.) हीच व्याख्या मी नोंदीत घातली. संपादकबाईंना फार आवडली. मला मात्र त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही.

बाकी सर्व क्षेम. भाओजींना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. बाइंडरची व्याख्या मला का झोंबली, ते लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, टाळलं.) मागच्या आवृत्तीच्या वेळी माझ्या वाट्याला 'सेट' या क्रियापदाचं पान आलं होतं. तीन रकाने भरून अर्थ, अक्षर मुंगीएवढं. बाबांच्या टेबलावर 'स्वॅप'चं सुटसुटीत पान होतं. बाबा दात काढायला गेले होते आणि मला सिनेमा गाठायचा होता. मी पानं बदलली. नोंदवहीत काही बदललं नाही. सुजलेल्या गालाने बाबांनी 'सेट' वाचलं आणि त्यात एकही चूक राहिली नाही. 'स्वॅप' मी वाचलं, उभ्या उभ्या. शेकडो पानांतलं कोणतं आपण वाचलं, हे त्यांना कुठून आठवणार? ते चष्मा पुसत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो, ताई, आणि गप्प बसलो. मला फार लाज वाटते.

ता. क. दुसरा : विनंती ही. हे पत्र बाबांना दे. वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे. सोबत 'स्वॅप'च्या नव्या नोंदीचं प्रूफ आणि खणातली लाल पेन्सिल पाठवली आहे. संपादकबाईंना आज सकाळीच सगळं सांगितलं. त्यांनी नोंदवहीतलं बाबांचं नाव खोडून तिथे माझं लिहिलं आणि म्हणाल्या, "त्यांची खुर्ची अजून रिकामीच आहे, कळवा त्यांना."

ता. क. तिसरा : हिने पत्र वाचलं. म्हणते, बाबा भयंकर रागावतील. रागावू देत. त्यांना म्हणावं, इकडे या आणि माझा सावकाश बदला घ्या. या वेळी ती छपाईची चूक नाही.