सांभाळून घ्या

ठाणे,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय नयनताई,

सप्रेम सलाम. प्रभुकृपेने मी बरी आहे, गुडघे सोडले तर तक्रार नाही. तू आणि तुझी जागृतीही बऱ्या असाल. ठाण्याहून कळव्याला पत्र टाकणारी मी एकटीच असेन. रिक्षाने वीस मिनिटांचा रस्ता, पण तू दार उघडशील याची खात्री नव्हती, आणि दारात उभं राहून रडायचं माझं वय गेलं. पोस्टमनला तरी तू परत पाठवणार नाहीस.

आधी बातम्या. मिशन कंपाउंडमधली खोली अजून माझ्याकडेच आहे. पुढच्या वर्षी मे महिन्यात निवृत्त होते. चर्चच्या ऑफिसात तीन वर्षांपासून माझ्या टेबलावर एक जास्तीचा फोन आहे, पाळक मदतवाहिनी म्हणून. मंडळीतल्या कुणी लेकराशी वाईट वागल्याचं पाळकाच्या कानावर आलं, तर त्याने दुसऱ्या कुणाशीही बोलण्याआधी या नंबरवर फोन करायचा. नाव ऐकून तुला बरं वाटेल. मलाही वाटलं होतं.

मला एक छापील कागद दिलाय. पलीकडे पाळक रडत असला तरी त्यावरचे प्रश्न ओळीने विचारायचे. पहिला प्रश्न, आरोप मंडळीच्या सेवकावर आहे का? दुसरा, प्रकार मंडळीच्या आवारात घडला का? मुलाचं वय नवव्या प्रश्नात येतं. मूल आता कुठे आहे, हा प्रश्नच नाही. उत्तरं मी ऑफिसच्या वकीलसाहेबांना फोनवर वाचून दाखवते, ते सांगतील ते पाळकाला कळवते आणि वहीत टिपते. ते दर वेळी एकच सांगतात, "सांभाळून घ्यायला सांगा." आमच्या शहरी पाळकांना त्याचा अर्थ बरोबर समजतो. वहीत मी नुसतं "सां. घे." लिहिते. आजवर एक्केचाळीस वेळा लिहिलंय.

डिसेंबरात मानपाड्याच्या मंडळीतून फोन आला. नवे पाळक, प्रेम उजागरे, नगरकडचे. त्यांना दिपिका नावाच्या एका बाईने सांगितलेलं की उपासनेत पेटी वाजवणारा, पंचवीस वर्षांचा जुना सभासद, तिच्या आठवीतल्या मुलीला गाणं शिकवायच्या निमित्ताने घरी बोलावतो. पुढचं तुला लिहून सांगायला नको. तो त्यांच्याच चाळीत राहणारा. मी सगळे प्रश्न विचारले, वकीलसाहेबांना फोन लावला. ते कोर्टात घाईत होते, नेहमीचं तेवढं बोलून त्यांनी ठेवला. मी उजागऱ्यांना म्हटलं, "पाळकसाहेब, सांभाळून घ्या."

मग म्हणाले, "सांभाळू ना?"

"हो."

"मंग सांभाळतो बाई. देव तुमचं भलं करो."

आणि त्यांनी खरोखरच सांभाळलं गं! त्याच दुपारी मायलेकींना सामानासकट आपल्या घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिपिकाबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसले. पेटीवाला आता आत आहे.

आमच्या ऑफिसात नुसता गोंधळ. वाहिनीचा सल्ला मोडला म्हणून उजागऱ्यांना बोलावून घेतलं. ते शांतपणे सांगतात, "मोडला कुठं? या बाई म्हनल्या सांभाळा, मी सांभाळलं. मी ल्हानपनी शेरडं सांभाळलीत. सांभाळनं म्हंजी लांडग्याच्या तोंडातून काढनं. आमच्याकडं दुसरा अर्थ न्हाई." आमचे सचिव लालेलाल झाले. मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले, हसू आवरेना.

हसू तिथेच संपलं. मंगळवारी चौकशी समिती बसणार आहे. सचिवांनी माझं निवेदन टाइप करून ठेवलंय, की मी पाळकांना "कोणतेही पाऊल उचलू नका" असं स्पष्ट बजावलं होतं. "सरोजबाई, फक्त साइन करा. उगाच इश्यू नको. रिटायरमेंटला वर्षच राहिलंय ना तुमच्या?" सही केली तर उजागऱ्यांची नेमणूक जाईल, तिच्याबरोबर घर जाईल, आणि मायलेकी परत त्याच चाळीत, पेटीवाल्याच्या भावांच्या दारासमोर. नाही केली तर माझी नोकरी आणि ही खोली जाईल.

ताई, दोन पानं झाली तरी जे टाळतेय ते आता लिहिते. त्यांनी "सांभाळू ना?" विचारलं तेव्हाच मला कळलं होतं, यांना उलटं समजलंय. "तसं नाही, गप्प राहा" एवढं म्हणायचं होतं. मी "हो" म्हटलं. कारण एकोणीस वर्षांपूर्वी तू जागृतीला घेऊन माझ्याकडे आलीस, मंडळीच्या शिबिरातल्या त्या माणसाचं सांगितलंस, आणि मी काय म्हटलं? "ताई, सांभाळून घे गं. मोठ्या घरातला आहे, आपल्याच पोरीचं नाव निघेल." अकरा वर्षांची जागृती दारात उभी होती. तिने ऐकलं. तू तिचा हात धरून निघालीस, ती आजपर्यंत परत आली नाहीस.

मी चुकले, ताई. चुकतेय हे मला तेव्हाही कळत होतं.

मंगळवारी तोंडातून काय निघेल कोण जाणे. फार भीती वाटते. तू असतीस तर माझ्यावर ओरडली असतीस, आणि मला आत्ता तेच हवंय.

तुझीच,
सरोज


ठाणे,
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

सलाम. जागृतीचा मेसेज आला. "मावशी, पत्र पोचलं. आई काही बोलत नाही, पण फाडलंही नाही." तेवढ्यावर मी त्या दिवशी दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

मी सही केली नाही. बिशपसाहेब अध्यक्ष होते. त्यांच्यासमोर सांगितलं, वाहिनी "सांभाळून घ्या" म्हणते तेव्हा तिला "दाबून टाका" म्हणायचं असतं. पाळकसाहेबांना ते चुकीचं समजलं, ते मला कळलं होतं, आणि मी मुद्दाम दुरुस्त केलं नाही. आवाज बरा निघाला. सचिव म्हणाले, "बाई, अशी गोष्ट पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. तुम्ही पण अडकाल." मी म्हटलं, "हे पहिल्या फोनला सांगायचं होतंत."

बिशपसाहेबांनी वही मागवली. "हे सां. घे. काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी आणखी तीन-चार पानं पाहिली आणि वही मिटली.

उजागरे मानपाड्यातच राहणार आहेत. मायलेकी त्यांच्याकडेच आहेत, आणि मुलगी सोमवारपासून शाळेत जाऊ लागलीय. छापील कागद रद्द झाला. नवा करायला घेतलाय, तो कसा होतो बघू. माझ्या टेबलावरचा फोन काढून नेला आणि मला घरी बसायला सांगितलंय. खोलीचं अजून कुणी काही बोललेलं नाही. वहीची प्रत मी तपास करणाऱ्या पोलीसबाईंना दिली आणि जबाबही दिला. माझं काय व्हायचं ते होईल.

रिकामं बसवत नाही, म्हणून उरलेल्या चाळीस पाळकांना स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतेय. "मूल आता कुठे आहे?" एवढंच विचारते. सात झाले. दोघांनी फोन आपटला. चौघं म्हणाले, पाहून कळवतो. कल्याणचे एक म्हातारे पाळक मात्र रडायलाच लागले. दोन वर्षं कुणीतरी हे विचारेल म्हणून वाट बघत होते म्हणे. सोमवारी ते त्या मुलाच्या आईवडिलांबरोबर पोलिसांकडे जाणार आहेत. मीही जातेय.

जागृतीचं नाव त्या वहीत नाही, तेव्हा वहीच नव्हती. पण जबाबात मी सांगितलं, की वाहिनीच्या आधीही एक मुलगी होती आणि तिच्या आईला गप्प बसवणारी मी होते. नाव दिलेलं नाही. ते द्यायचं की नाही हे जागृती ठरवेल. द्यायचं म्हणाली तर तिच्या बाजूने साक्षीला मी उभी राहीन. नको म्हणाली तर पुन्हा विचारणार नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? चालणार नाही, ताई. मी वाट बघतेय.

तुझी धाकटी,
सरोज