पाकिटावरचा पत्ता

३ फेब्रुवारी, सोमवार

अंगणात पाटी ठोकली. ‘आपलं शहर, आपल्या शाळा.’ रस्त्याकडे तोंड करून. लाल माती दगडासारखी — मी पाटी धरली, हातोडी रायलीने मारली. माझी नात एरवी बडबडी, आज गप्प. पुढच्या वर्षी शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेटवाल्यांची म्होरकी होणार ती. शाळा चालवणाऱ्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, नऊ वर्षांत बँडला एक बटण दिलं नाही. शहराने शाळा ताब्यात घेतली की नवे गणवेश!

६ फेब्रुवारी

शाळेच्या स्वयंपाकघरात ओडेसाशी वाजलं. चौदा वर्षं आम्ही दोघी एका भट्टीपाशी. ती ओढ्यापलीकडे राहते, शहराच्या हद्दीबाहेर. शाळा शहराची झाली की तिच्या नातवाला इथून जावं लागेल, वीस मैलांवर, काउंटीच्या शाळेत. मी म्हटलं, वाईट वाटतं गं, पण रेघ कुठेतरी ओढावीच लागते.

कॉर्नब्रेडचा ट्रे आपटला तिने. “व्हर्लीन, तुझा कचरा कोण उचलतं गं? शहर की काउंटी?”

कचऱ्याचं काय मध्येच! म्हटलं, तू आपलं काम बघ.

२४ फेब्रुवारी

पाय दुखतात. ओडेसा बोलत नाही. नाही तर नाही.

१० मार्च

नगरपालिकेच्या सभेत शाळा शहराने घ्यायचा ठराव झाला. चार विरुद्ध एक. हात लाल होईतो टाळ्या पिटल्या. औषधाच्या दुकानवाले हॅस्क्यू, या मोहिमेचे पुढारी, हात मिळवून म्हणाले, “तुमच्यासारख्यांमुळे झालं हे.” सातवीत शाळा सोडलेली बाई मी. असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं.

२७ मार्च

पत्र आलं. ऑगस्टपासून रायली काउंटीच्या शाळेत. तीनदा वाचलं, मग थेट नगरपालिकेत.

खिडकीतली पोरगी म्हणते, “तुमचं घर हद्दीबाहेर आहे, मॅडम.”

पाकीट तिच्या नाकासमोर धरलं. कोल्टर्स मिल, अलाबामा. बावीस वर्षं हाच पत्ता आहे माझा!

“तो पोस्टाचा. जवळच्या गावाचं नाव घालतात ते. शहर तुमच्या अंगणासमोरच्या नाल्याशी संपतं.”

घरी येऊन कचऱ्याचा डबा पाहिला. झाकणावरचा चिखल बाहीने पुसला, खाली अक्षरं निघाली: काउंटी. दर मंगळवारी मीच ओढत नेते तो रस्त्यावर.

हॅस्क्यूंना फोन केला. बघतो म्हणाले. आवाजावरून कळलं, बघणार नाहीत.

२८ मार्च

ओडेसाला सांगितलं. वाटलं हसेल. ती कांदे चिरत राहिली.

“सहा दहाला येते बस,” म्हणाली. “पोरीला सांग, डावीकडची जागा धर. हीटर त्याच बाजूला चालतो.”

२९ मार्च

रायलीला बसवून सांगितलं. तिला माहीत होतं. जानेवारीतच शाळेत शहराच्या हद्दीचा नकाशा लावला होता म्हणे.

मग सांगितलं का नाहीस?

“तू नकाशालाच खोटं ठरवलं असतंस, आजी. आणि किती खूश होतीस.”

पाटी उपटायला गेले. निघेना. पोरीने खोल ठोकली आहे.