कपाटातली चिठ्ठी

देवळाली प्रवरा, माघ वद्य पंचमी, १९७३

अमेरिकेत शिकणारा माझा दत्ता सुट्टीवर आलाय. आज त्याला विचारलं, तिथल्या काँप्युटरशी तू बोलतोस तरी कसा? म्हणाला, टाइप करून हुकूम द्यायचा. मग पुस्तकांच्या कपाटाकडे बघून हसला. "आई, बाबांची ही चिठ्ठी आहे ना, तशीच मशीनमध्येही ठेवता येते."

ह्यांच्या हातची चिठ्ठी. ताऱ्यांचं पुस्तक वन्संनी संगमनेरला नेलं, तेव्हा रिकाम्या जागी ह्यांनी ती उभी केली. 'संगमनेर, ताईकडे. मी आणतो.' त्याच महिन्यात हे गेले. चार वर्षं मी ती फळी पुसते, पण चिठ्ठी हलवत नाही आणि पुस्तकही मागवत नाही.

दत्ता सांगत होता, चिठ्ठीचं नाव घेतलं की मशीन त्या पत्त्यावर जाऊन खरी वस्तू पुढ्यात ठेवतं.

"अन् तिथं ती नाहीच सापडली तर?"

"तसं सांगतं. चिठ्ठी मात्र राहते."

"आणि चिठ्ठी फाडली तर?"

"वस्तूला धक्का नाही. तिला चिठ्ठीची खबरच नसते, आई."

केवढं नवल! इतक्या दूरच्या यंत्राला हे कुणी शिकवलं असेल? मी तर दोन्ही एकच धरून बसले होते. पुस्तक आलं की चिठ्ठीचं काम संपेल, आणि 'मी आणतो' म्हणणारा माणूसही... म्हणून कधी मागवलंच नाही.

उद्या सकाळच्या एसटीने संगमनेरला जाते. पुस्तक असलं तर आणून चिठ्ठीशेजारी ठेवीन. वन्संना सांगेन, ह्यांना उशीर झाला, म्हणून मी आले.